रोज रात्री नऊ वाजता मोजलं जाणारं कोपर

पत्र थोडक्यात : एका आईनं लिहिलं आहे. त्यांची आठ वर्षांची मुलगी मैदानातल्या चढायच्या शिडीवरून हातावर पडली. डाव्या कोपराच्या लगेच वरचं हाड मोडून पूर्ण सरकलं. ऑपरेशन करून, न कापता हाड जागेवर बसवलं आणि कातडीतून दोन तारा घातल्या. चार आठवड्यांनी प्लास्टर आणि तारा काढल्या. ऑपरेशनला आता नऊ आठवडे झाले. हात सरळ व्हायला अजून २५ अंश कमी पडतात आणि १३० अंशांपुढे वाकत नाही. उजवा हात पूर्ण सरळ होतो आणि १४५ अंशांपर्यंत वाकतो. डॉक्टर म्हणाले, "खेळू द्या, येईल हळूहळू." त्यांनी फिजिओथेरपी लिहून दिली नाही. आईवडील घाबरून स्वतःच एका फिजिओथेरपिस्टकडे गेले. तिथे हात दाबून ताणतात आणि मुलगी रडते. घरी रोज रात्री नऊ वाजता वडील तेच करतात, मग आई मोबाइलवर कोन मोजून वहीत लिहिते. दहा दिवस आकडा हललेला नाही. मुलगी हल्ली पावणेनऊलाच "मला झोप आली" म्हणून पांघरूण ओढून घेते. "हे म्हणतात, आत्ता रडली तरी चालेल, जन्मभर वाकडा हात नको. मला तिचं रडणं बघवत नाही. पण माझ्या मऊपणामुळे तिचा हात तसाच राहिला तर? आधीच ती पडली तेव्हा मी बाकावर बसून फोन बघत होते."

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात एक ओळ तुम्ही सहज लिहून गेलात : "प्लास्टर काढलं तेव्हा ६० अंश कमी पडत होते आणि १०० पर्यंतच वाकत होता." म्हणजे त्या दिवशी कोपर एकूण ४० अंश हलत होतं. आज ते २५ पासून १३० पर्यंत, म्हणजे १०५ अंश हलतं. पाच आठवड्यांत चाळीसचे एकशे पाच झाले. हे तुमच्याच वहीत आहे, पण रोज रात्री तुम्ही फक्त उरलेले अंश मोजता, म्हणून आलेले अंश तुम्हाला दिसलेच नाहीत.

मी बरीच वर्षं लहान मुलांची फिजिओथेरपी केली आहे. पत्रावरून कोपर तपासता येत नाही, त्यामुळे तुमच्या सर्जननं एक्स-रे बघून जे सांगितलं ते माझ्या शब्दावर मोडू नका. पण त्यांचं "येईल हळूहळू" तुम्हाला टाळाटाळ वाटली, आणि तिथेच मला तुम्हाला थांबवायचं आहे. ती टाळाटाळ नव्हती. त्यामागे बरीच माहिती आहे, ती फक्त तुमच्यापर्यंत पोचली नाही. गर्दीच्या ओपीडीत दोन शब्दांत सांगितलं की पालक उरलेलं वाक्य आपल्या भीतीनं पूर्ण करतात. दोष कुणाचाच नाही, पण त्याची किंमत मुलीला मोजावी लागते आहे.

आधी ती माहिती सांगते. अशाच मोडलेल्या आणि तारा घातलेल्या कोपरांचं मोजमाप करणारा एक अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. दुखऱ्या हाताची हालचाल चांगल्या हाताच्या तुलनेत सहा आठवड्यांनी सरासरी ७२ टक्के होती, बारा आठवड्यांनी ८६, सव्वीस आठवड्यांनी ९४ आणि वर्ष सरताना ९८ टक्के. तुमच्या लेकीचे १०५ अंश म्हणजे तिच्या उजव्या हाताच्या १४५ पैकी साधारण ७२ टक्के. खरं सांगायचं तर नवव्या आठवड्याला ती सरासरीच्या थोडी मागे आहे. पण सरासरीत थोडंसंच सरकलेलं हाड असलेली चार वर्षांची मुलंही असतात. हाड पूर्ण सरकलेलं असलं, मूल जरा मोठं असलं की कोपर सावकाश मोकळं होतं. त्या आकड्यांत मला महत्त्वाचं वाटतं ते हे की सहा महिन्यांनंतरसुद्धा कोपराची हालचाल वाढतच होती. "सहा-आठ आठवड्यांत आलं तर आलं, नाही तर गेलं" असं तुम्हाला कुणीतरी सांगितलंय. मुलांच्या या फ्रॅक्चरला ते लागू पडत नाही.

आता ताणण्याबद्दल. तुमच्या घरातला वाद "कडक की मऊ" असा चालला आहे. ताणणं हे औषध आहे, कडू आहे, पण काम करतं, असं तुम्ही दोघांनीही धरून चाललं आहे. प्रश्न फक्त कडू औषध पाजायचं धैर्य कुणात आहे एवढाच उरलाय. मला त्या गृहीतकावरच बोट ठेवायचं आहे.

कोपर कशामुळे आखडतं? हाड मोडलं की आतबाहेर रक्त साचतं, सांध्याभोवतीचं आवरण सुजतं आणि जाड होतं. दंडाच्या पुढच्या बाजूला हाडाला लागूनच एक स्नायू आहे, तो या मोडीत अनेकदा चेचला जातो. वर चार आठवडे कोपर वाकलेल्या स्थितीत बांधलेलं. आता कुणी मनगट धरून हात सरळ दाबला की तोच दुखावलेला स्नायू बचावासाठी आवळतो. मूल ठरवून विरोध करत नसतं, दुखलं की तो आपोआप आवळतो. म्हणजे तुमचे यजमान रोज रात्री ज्याच्याशी झुंजतात तो आखडलेला सांधा कमी आणि घाबरलेला स्नायू जास्त आहे. जोर जास्त झाला तर आत पुन्हा सूज येते, आणि सांध्याभोवतीच्या मऊ भागात नको तिथे हाड धरण्याचा धोकाही असतो. ते धरलं तर मात्र कोपर खरोखर अडतं. म्हणून कोपर जोरात चोळणं, झटके देणं, सरळ व्हावं म्हणून हातात जड पिशवी लटकवून ठेवणं, हे सगळं आजपासून बंद करा. हलक्या हातानं मायेनं तेल लावलंत तर माझी काही हरकत नाही, पण सांध्यावर दाब नको.

माझ्या सुरुवातीच्या काळात मीही ताणलं आहे. सहा वर्षांचा एक मुलगा होता. त्याची आई खोलीबाहेर कानावर हात ठेवून बसायची आणि मी "आणखी थोडं, आणखी थोडं" म्हणत राहायचे. तीन आठवड्यांत पाच अंशसुद्धा मिळाले नाहीत. मग ते यायचेच बंद झाले. चार महिन्यांनी आई त्याला दाखवायला घेऊन आली, तेव्हा हात जवळजवळ सरळ होता. मी विचारलं, काय केलंत? ती म्हणाली, "काही नाही, तो खेळला." तो रडत असताना मी जे केलं ते कशासाठी होतं, हा प्रश्न मला अजून टोचतो.

हा फक्त माझा अनुभव नाही. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत याच फ्रॅक्चरच्या, ५ ते १२ वयाच्या ६१ मुलांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला काही आठवडे फिजिओथेरपी दिली, दुसऱ्याला नाही. फिजिओथेरपीनं ना कोपर जास्त हललं, ना हात लवकर कामाला लागला. त्यातलं आणखी एक निरीक्षण मी पालकांना आवर्जून सांगते : नवव्या आठवड्यात ज्या मुलांच्या मनात धास्ती जास्त होती, त्यांचा हात तेव्हाही आणि पंधराव्या आठवड्यातही कामाला कमी येत होता. तुमची मुलगी आज बरोबर नवव्या आठवड्यात आहे आणि पावणेनऊला पांघरूण ओढून घेते आहे.

दुसरी बाजूही सांगते. कापून, उघडून हाड बसवावं लागलं होतं अशा मुलांचा एक अभ्यास २००५ चा आहे. त्यात फिजिओथेरपी मिळालेल्या मुलांची हालचाल १२ आणि १८ आठवड्यांना चांगली होती. वर्ष झालं तेव्हा दोन्ही गट सारखेच होते. म्हणजे फिजिओथेरपी निरुपयोगी नाही, काही मुलांना ती लवकर वाट दाखवते. पण ती न मिळाल्यानं तुमच्या लेकीचं काही कायमचं हुकलं, असं मानायला आधार नाही.

"जन्मभर वाकडा हात" हे शब्द तुमच्या यजमानांचे आहेत, म्हणून हा भाग त्यांच्यासाठी. दादा, आखडलेलं कोपर आणि वाकडं कोपर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. या फ्रॅक्चरनंतर काही मुलांचा हात सरळ धरल्यावर पुढचा भाग शरीराकडे कललेला दिसतो. मोठ्या माणसांत असे हात तुम्ही पाहिले असतील, आणि बहुधा तीच भीती तुमच्या मनात आहे. तो कल हाड तिरकं जुळल्यामुळे येतो. व्यायाम केल्यानं तो जात नाही आणि व्यायाम चुकल्यानं येत नाही. तो आहे का, हे एक्स-रे आणि दोन्ही हात शेजारी ठेवून डॉक्टर पाच मिनिटांत सांगतील. तो नसेल, तर ज्याच्याशी तुम्ही रोज रात्री लढताय तो शत्रू समोर नाहीच. असलाच, तरी तो ताणून हटणारा नाही. बाप म्हणून तुम्ही मुलीवर कठोर झालात ते प्रेमापोटीच, हे मला पत्रातूनही दिसतं. तुमची तीच चिकाटी आता दुसऱ्या कामाला लावायची आहे.

ते काम म्हणजे तिचा हात तिच्या हाती देणं. लहान मुलाचं कोपर वापरानं मोकळं होतं, आणि वापर तेव्हाच होतो जेव्हा मूल हाताला विसरतं. म्हणून असे खेळ शोधा ज्यांत हात सरळ केल्याशिवाय किंवा पूर्ण वाकवल्याशिवाय भागतच नाही. भिंतीवर मोठा कागद तिच्या डोक्याच्या वर चिकटवा आणि डाव्या हातानं रंगवू द्या. बसून दोन्ही हातांनी जमिनीवरून चेंडू लांब ढकलायचा, मग उभं राहून डोक्यावरून टाकायचा. टेबल पुसताना पलीकडच्या कडेपर्यंत फडकं न्यायचं. वाकण्यासाठी केस विंचरणं, डाव्या कानाला खेळण्यातला फोन लावणं, डाव्या खांद्यावर चिकटवलेलं स्टिकर डाव्याच हातानं काढणं. मातीचे गोळे वळताना आणि किल्ली फिरवताना तळहात वरखाली होतो, ती हालचालही हवी. आंघोळीला कोमट पाणी असतं तेव्हा कोपर सैल पडतं. बादलीत हात बुडवून तिला पाण्याशी खेळू द्या, मग लगेच चित्राचा कागद पुढे ठेवा. दिवसातून पाच-सहा वेळा पाच-पाच मिनिटं पुरेत. दुखलं की तिनं थांबायचं. कुठे थांबायचं ते ती ठरवेल. तिनं स्वतःच्या उजव्या हातानं डाव्याला हळूच मदत केली तर उत्तम, कारण स्वतःच्या हाताला मर्यादा कळते. पोहणं फार चांगलं, पण पोहणं, उड्या, शिड्या आणि धक्काबुक्कीचे खेळ डॉक्टरांनी हाड पक्कं झाल्याचं सांगितल्यावरच.

उजव्या हाताला मात्र बांधून ठेवू नका किंवा "डाव्यानंच कर" असं टोकू नका. टोकलं की खेळाचा पुन्हा व्यायाम होतो आणि आपण नऊ वाजताच्या खोलीत परत येतो.

सध्याच्या फिजिओथेरपिस्टकडे जायचं की नाही? एकदा जाऊन मोकळेपणानं बोला : "मुलगी स्वतः हलवेल असेच व्यायाम द्या, हात दाबू नका." अनेक जण हे आनंदानं करतील. रडल्याशिवाय सुधारणा होत नाही असं उत्तर आलं, तर बाहेर पडा. पैसे आधीच भरलेत म्हणून उरलेल्या खेपा पूर्ण करण्याची गरज नाही.

तुमची वही. दहा दिवस आकडा हलला नाही यानं तुम्ही हादरला आहात. पण मोबाइल हातावर किंचित इकडेतिकडे धरला तरी चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो, आणि रडून आवळलेला हात तर कमीच भरणार. शिवाय कोपर रोज थोडं थोडं सुधारत नाही. आठ-पंधरा दिवस थांबतं, मग एकदम पुढे जातं. सरळ होण्याचे शेवटचे अंश तर सगळ्यात उशिरा येतात. चार आठवड्यांतून एकदा, दिवसा, ती खुशीत असताना, दोन्ही हात सरळ आणि दोन्ही वाकवलेले असे बाजूनं फोटो काढा. तारखा घाला. डॉक्टरांना दाखवायला ते तुमच्या रोजच्या आकड्यांपेक्षा जास्त उपयोगी आहेत. मधल्या काळात कोनांऐवजी तिला नव्यानं काय जमलं ते लिहा : शर्टाचं वरचं बटण, वेणीचं रबर, कपाटाचा वरचा कप्पा.

आणि समजा शेवटचे पाच-दहा अंश आलेच नाहीत? हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो पत्रभर आहे. १९८१ च्या एका प्रसिद्ध अभ्यासात निरोगी माणसांची रोजची कामं मोजली होती. खाणं-पिणं, कपडे घालणं, दार उघडणं यांतलं बहुतेक सगळं ३० ते १३० अंशांच्या पट्ट्यात बसलं. फोन कानाला धरायला त्याहून थोडं अधिक वाकावं लागतं, हे नंतर दिसलं. तुमची मुलगी आज, नवव्या आठवड्यात, त्या पट्ट्यात आहे. तिचा हात निकामी होण्याच्या वाटेवर नाही.

तरी डोळे उघडे ठेवायचे आहेत. पुढच्या भेटीत डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : हाड नीट रेषेत जुळलंय का, हालचाल मऊपणे अडते की हाडाला हाड लागल्यासारखी टणक अडते, आणि बोटांच्या नसा ठीक आहेत का. शेवटचं घरीही बघता येतं. अंगठा आणि तर्जनीच्या टोकांनी गोल करता येतो का, सगळी बोटं फाकवता येतात का, अंगठा वर करता येतो का, करंगळीला स्पर्श कळतो का. यातलं काही जमत नसेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. मिळालेली हालचाल कमी होऊ लागली, दुखणं किंवा सूज वाढली, ताप आला, तारांच्या जागी लाली किंवा पू दिसला, तरीही लगेच जा. बोटं बधिर होऊन वेदना असह्य होत असतील तर त्याच तासाला. यांतलं काही नसेल आणि तरी ऑपरेशननंतर साधारण चार महिन्यांनी हालचाल खरोखर थबकलेली दिसली, तर सर्जनशी पुन्हा बोला आणि मुलांसोबत काम करणारी फिजिओथेरपी तेव्हा जरूर मागा. हाड पुढच्या बाजूला टोक काढून जुळलं असेल तर तेच वाकणं अडवतं. कोपराजवळ दंडाच्या हाडाची वाढ फक्त २० टक्के होते, बाकीची ८० टक्के खांद्याकडे होते. त्यामुळे तिथला बाक आपोआप फारसा सुधारत नाही, आणि हे ओळखणं सर्जनचंच काम आहे.

हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी थोडं. तुमच्या मुलाचं फ्रॅक्चर कोपराच्या बाहेरच्या बाजूचं, सांध्यात शिरलेलं असेल, तर ते जुळायला जास्त वेळ घेऊ शकतं. घाई आणखी कमी करा आणि एक्स-रेच्या तारखा चुकवू नका. कोपर ते मनगट यांमधली दोन हाडं मोडली असतील तर वाकण्यापेक्षा तळहात वरखाली करणं अडतं, लक्ष तिकडे ठेवा. तेरा-चौदा वर्षांचं मूल, उघडून केलेलं ऑपरेशन, नसेला इजा किंवा डोक्यालाही मार असेल, तर माझं "खेळू द्या" हे उत्तर पुरत नाही. तिथे फिजिओथेरपी लवकर लागू शकते.

ताई, बाकावरच्या फोनबद्दल. त्या वयाची मुलं पडताना हात पुढे टेकतात, कोपर मागे ताणलं जातं आणि त्याच्या वरचं हाड तिथे इतकं पातळ असतं की सगळा भार येऊन ते तिथेच तुटतं. मुलांच्या कोपरापाशी होणाऱ्या फ्रॅक्चरमध्ये हेच सर्वांत जास्त दिसतं. तुम्ही टक लावून बघत असतात तरी शिडीवरून सुटलेला हात पकडायला पोचला नसतात. तुमच्या मनातली टोचणी एका परिच्छेदानं जाणार नाही, हे मला कळतं. पण ती टोचणी नऊ वाजता तिच्या कोपरातून वसूल होते आहे का, हे तुम्ही दोघांनी एकमेकांना विचारा. मुलगी झोपल्यावर.

आज रात्री तिला सांगायचं ते तिच्या बाबांनी सांगावं, तुम्ही नव्हे. पावणेनऊच्या आत, पांघरूण वर जायच्या आधी. "आजपासून मी तुझा हात ताणणार नाही. तुला दुखत होतं आणि तरी मी थांबलो नाही, ते चुकलं. तुझा हात तू हलवायचा. काही नवीन जमलं की मला दाखव." एवढंच बोलून थांबावं, लगेच "बघू किती सरळ होतो" असं म्हणू नये. ती दोन-तीन रात्री विश्वास ठेवणार नाही. त्या रात्री नऊ वाजता तिच्याजवळ बसा, हात न धरता.